हौदावरची केवळा

टेकाळ्यांच्या भावकीत केवळा दोन. एक वेशीतली, एक हौदावरची. वेशीतली आधी नांदायला आली, हौदावरची तिच्यामागून दोन वर्षांनी. गावात कुणी नुसतं केवळाबाईला बोलवा म्हणालं, तर निरोप नेणारा पाय उचलायच्या आधी विचारायचा, "कोन्ती?" आणि "हौदावरची" एवढं कानावर पडलं की नीट त्याच दारात जाऊन उभा राहायचा. एकीचं वाण कधी दुसरीच्या ओटीत पडलं नाही, एकीचं दळण दुसरीच्या घरी गेलं नाही. भोकरपासून दोन कोसांवरच्या त्या गावात ज्याला अक्षर वाचता येत नाही अशा म्हाताऱ्यालाही हा फरक कळत होता. सरकारच्या यंत्राला मात्र तो कळला नाही, आणि त्यापायी हौदावरच्या केवळाचा अख्खा एक महिना जळून गेला.

तसं पाहिलं तर ही भानगड तिच्या लग्नाच्या मांडवातच सुरू झाली होती. नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरले, त्यावर अंगठीनं नवं नाव काढायचं. सासू नागुबाईनं ताट पुढं ओढलं आणि भटजींना म्हणाली, "एक केवळा हाय आमच्यात. दुसरी कशाला? तनुजा लिवा."

मुंडावळ्यांखालून नवरीनं हात पुढं केला आणि ताट झाकलं. "माझ्या बापानं ठिवलेलं नाव हाय. माझं मीच लिवते."

नवरदेव रामलिंग खाली बघून हसला. केवळानं सातवीपर्यंतच्या अक्षरात तांदळावर स्वतःचंच नाव काढलं. नागुबाई त्या दिवशी गप्प बसली, पण पुढच्या सोळा वर्षांत तिनं ते ताट विसरू दिलं नाही. भाकरी करपली तरी ताट, शेळी मेली तरी ताट.

केवळाचे हात मात्र सासूही नावाजायची. केवळा बाज विणायची. सुंभाचा गुंडा मांडीखाली धरून ती बसली की दोरी तिच्या हातून पाण्यासारखी वाहायची. आडवा पदर, उभा पदर, मध्ये चौकट, आणि पायथ्याशी असा ताण की बाजेवर म्हातारं माणूस बसलं तरी झोळ पडायचा नाही. ती वेढे मोजायची नाही. वेढे तिच्या हातातच मोजलेले असायचे. आजूबाजूच्या चार गावांतल्या बाजा तिनं विणल्या. पण आता लोक लोखंडी पलंग आणतात. सुंभाला कुणी विचारत नाही.

या भागात जळतात त्या पाण्याच्या मोटारी. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की वीज कधी येतच नाही, कधी कमी दाबानं येते, आणि विहिरीतली मोटार धूर सोडते. मग ती मोटार जीपमध्ये घालून भोकरला न्यायची आणि दुकानासमोर तीन-चार दिवस नंबर लावायचा. इकडे पीक माना टाकतं. रामलिंग दुसऱ्याच्या शेतावर सालानं होता. मालकाची मोटार पोचवायचं काम त्याच्याकडे, आणि नवऱ्याचा खांदा दुखावल्यापासून केवळाही सोबत जायची. तिथं बाकड्यावर बसून ती मिस्त्रीचे हात बघायची. जळकी तार कापून काढायची, खाचेत कागद घालायचा, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा घालत बसवायची. तिला वाटलं, ही तर बाजच आहे. फक्त गोल.

एकदा तिच्यानं राहवलं नाही. "दादा, ह्या खाचंत एक वेढा कमी पडला."

मिस्त्री हसला. "मावशी, तुम्ही च्या घ्या." पण हसता हसता त्यानं वेढे मोजले. एक कमी होता. मग तो हसला नाही.

त्या दिवसापासून केवळाच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. आपल्याला हे काम शिकायचंय. हौदाशेजारच्या पडवीत दुकान टाकायचं. गावातली मोटार गावातच बांधायची.

आणि नेमकी यंदा तशी वेळ आली. ग्रामपंचायतीत सभा झाली. ग्रामसेवकानं सांगितलं की आता रेशनची यादी, प्रशिक्षणाची यादी आणि नोकरीला लागलेल्यांची यादी, या तिन्ही सरकारनं एकमेकींना जोडल्या आहेत. ज्या घराला धान्य मिळतं त्या घरातल्या बाईला कोणतं काम शिकवायचं, हे आता यंत्रच ठरवणार. अर्जाची दगदग नाही, शिफारस नाही. मुदखेडच्या केंद्रात मोटार वाइंडिंगचा वर्ग निघणार होता. तीन महिन्यांचा, तीस जागांचा. पुन्हा निघेल तर वर्षानं.

"मोबाइलवर निरोप यील," ग्रामसेवक म्हणाला. "तुम्ही काहीच करायचं न्हाई."

आठ दिवसांत गावातल्या सहा बायांना निरोप आले. कुणाला पापड-मसाले, कुणाला शिवणकाम. केवळालाही आला. तिनं तो चुलीपुढं बसून दोनदा वाचला, मग अंगणात उजेडात जाऊन तिसऱ्यांदा वाचला. आपण यापूर्वी शिवणकाम प्रशिक्षण पूर्ण केले आहे. आपण सध्या रोजगारात आहात. आपण पात्र नाही.

नागुबाई बाजेवरून म्हणाली, "काय लिवलंय गं?"

"मी टेलर हाय म्हनं. आन नोकरीला हाय."

"मग पगार कुटं ठिवतीस?"

दुसऱ्या दिवशी केवळानं भोकर गाठलं. तहसीलच्या पुरवठा शाखेत खिडकीमागे आदिनाथ नावाचा तरुण कारकून बसायचा. माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्याचा चेहरा गिरणीच्या दगडासारखा झाला होता.

"केवळाबाई टेकाळे," त्यानं पडद्यावर बघत म्हटलं. "झालंय की तुमचं प्रशिक्षण. तीन वर्षांखाली. लातूरला कामाला लागलात."

"साहेब, मी लातूर बघितलं सुदिक न्हाई. सुईत दोरा ओवायला मी पोरीला हाक मारते."

"सिस्टिम तसं म्हनतीय."

"मी काय म्हनते त्याला कुटं रकाना हाय का?"

आदिनाथनं मान वर केली. मग त्यानं खुर्ची सरकवून, जरा दमानं, तिला काय झालं ते सांगितलं. प्रशिक्षणाची जुनी यादी घाईत भरलेली. तेव्हाच्या अर्जात नवऱ्याचं नाव लिहायला जागा नव्हती आणि आधारचा नंबर चढवायचा राहून गेलेला. मग यादी रेशनला जोडताना यंत्रानं काय केलं? नाव बघितलं, आडनाव बघितलं, गाव बघितलं, जन्मतारीख बघितली. चारही जुळलं की माणूस एकच.

"आवो ती वेशीतली केवळा," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "माझ्या चुलत दिराची बायकू. नवरा वारल्यावर ती गेली लातूरला. मी हौदावरची."

"हौद सिस्टिममध्ये न्हाई."

"मग तारीख? ती वेगळी, मी वेगळी. ती तिच्या आईच्या पोटी, मी माझ्या आईच्या पोटी. एकाच दिवशी कशा जल्मू?"

आदिनाथनं पडदा तिच्याकडे वळवला. एक जून. तीच तारीख, तेच साल.

केवळाला एकदम शाळा आठवली. तिच्या माहेरचे हणमंतराव गुरुजी. जूनमध्ये पोरं गोळा करायला ते दारोदार फिरायचे. पोराचा डावा हात डोक्यावरून उजव्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, किंवा ज्वारी खुडताना झाली. गुरुजी ते ऐकून घ्यायचे आणि वहीत लिहायचे एक जून. सगळ्यांना एक जून. तिची बहीण एक जून, भाऊ एक जून, शेजारची चार पोरं एक जून. वेशीतलीच्या माहेरी दुसरे गुरुजी असतील, पण त्यांचीही रीत तीच.

"साहेब," ती म्हणाली, "तुमची तारीख कोन्ती?"

आदिनाथनं पडदा परत स्वतःकडे वळवला. शेजारचा म्हातारा शिपाई खी खी करून हसला. "त्यांची बी एक जूनच हाय, मावशी. माझी बी. आन आतले मोठे साहेब हायेत, त्यांची बी. एक जूनला हापिसात केक कापाया माणूस उरत न्हाई, समदेच वाढदिवसाचे."

"तर मग समदे एकच मानूस हाव का आपन?" केवळानं विचारलं.

यावर आदिनाथ हसला, पण काम झालं नाही. तो म्हणाला, दुरुस्ती इथून होत नाही, प्रशिक्षणवाल्यांकडून होते. मुदखेडला जा.

मुदखेडला केंद्रातली बाई म्हणाली, आमच्याकडे फक्त यादी येते, दुरुस्ती रेशनवाले करतात. भोकरला जा. त्याच गाडीनं केवळा परत आली. आदिनाथ म्हणाला, तारीखच बदलून आणा, मग आपोआप सुटेल. ती तारीख बदलायला गेली तर तिथं म्हणाले, शाळेचा दाखला आणा. माहेरच्या शाळेत गेली. दाखल्यावर एक जून. हणमंतराव गुरुजी अजून होते. ओट्यावर पेपर वाचत बसले होते. तिनं सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाळ, मी पोरं शाळेत आणली," ते म्हणाले. "खरी तारीख विचारत बसलो असतो, तर तू गुरंच राखत बसली असतीस."

"ते खरं हाय, गुरुजी. पर निदान दोन जून तरी लिवायचं एखादीला."

गुरुजींना हसावं की रडावं कळेना. तिलाही कळेना. ती पाया पडली आणि उठली.

अशा फेऱ्यांत एकच गोष्ट बरी घडली. मुदखेडला ती खिडकीसमोर ताटकळत उभी असताना मागच्या शेडमधून महेबूब मास्तर चहाला बाहेर आले. वाइंडिंगचा वर्ग तेच घेणार होते. जुन्या घरंदाज कारागिराच्या बोलण्यात असतो तो संथपणा त्यांच्या बोलण्यात होता. त्यांचं लक्ष तिच्या बोटांवर गेलं.

"बाज विनतेस क्या, बाई?"

"हाव. तुम्हाला कसं कळलं?"

"सुंभाचा घट्टा अंगठ्याच्या या बगलेला पडतो. कुऱ्हाडीचा तिकडं." त्यांनी तिला आत नेलं, मोटारीची रिकामी, खाचांची वाटी पुढं ठेवली आणि तारेचं टोक हातात दिलं. "बघू."

केवळा जमिनीवर बसली. वाटी मांडीशी धरली. तार सुंभापेक्षा कडक होती, पहिले चार वेढे तारेनं मानले नाहीत. पाचव्यापासून ती ऐकायला लागली. मास्तर चहाचा कप हातात धरून उभे राहिले, चहा निवला तरी त्यांनी तो प्याला नाही.

"नाव आणा," ते शेवटी म्हणाले. "यादीत नाव आणा, बस. बाकी मैं देखता. सोमवारी वर्ग सुरू होतो, त्याच्या आत."

आता जागा तिच्यासाठी अशी समोर दिसत होती, आणि त्यामुळेच तिचा जीव जास्त जळत होता.

ती पुन्हा आदिनाथपुढं उभी राहिली. "साहेब, दोन बाया हायेत ह्याचा पुरावा काय दिऊ?"

"दोघींना एकाच वेळी समोर उभं करा," तो वैतागून म्हणाला. "मग मी वरती लिहितो, की बघा, दोन हायेत."

घरी आल्यावर तिनं वेशीतलीचा नंबर तिच्या माहेराकडून मिळवला. वेशीतली गेली त्याला तीन वर्षं झाली होती. गावात म्हणायचे, पळून गेली. केवळानं फोन लावला.

"आक्का, मी हौदावरची."

पलीकडून आवाज आला, "गावातलं कुनी मेलं का?"

"न्हाई. तू भोकरला ये. एक दिसासाठी."

"त्या तालुक्यात मी पाय ठिवायची न्हाई. दिरानं माझं घर घेतलं, तवा भावकीतलं कुनी बोललं का? तू बोललीस?"

केवळा बोलली नव्हती. तेव्हा ती हौदावर भांडी घासत होती आणि सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "न्हाई बोलले. चुकले."

"काय काम हाय सांग," वेशीतली म्हणाली.

केवळानं सांगितलं. पलीकडून असं हसू आलं की फोन कानापासून दूर धरावा लागला. "मी नोकरीला हाय म्हनं? आगं, शिवन शिकले तीन महिने. मग लातूरला नेलं, शाळंचे ड्रेस शिवायला. पाचव्या दिवशी म्हनाले, काम संपलं. पाच दिवसांची नोकरी सरकारानं तीन वर्सं चालवली की! मी डाळीच्या मिलमध्ये पोती भरते बाई. परमानपत्र तर मला आजून बघाया मिळालं न्हाई."

मग तिनंच वाट काढली. तिचं रेशनकार्ड अजून भोकर तालुक्याचंच होतं, पण धान्य ती लातूरच्या दुकानात उचलायची. हल्ली कुठलंही कार्ड कुठल्याही दुकानात चालतं. अंगठा लावला की पावती निघते. पावतीवर नाव, कार्डाचा नंबर, तारीख, वेळ, सगळं छापून येतं.

"तू हितं ये," वेशीतली म्हणाली. "एकाच दुकानात, एकामागं एक अंगठा लावू. एकीचा अंगठा दोन कार्डांवर उमटत न्हाई. ह्याच्यापरीस मोठा पुरावा कोन्ता?"

त्यासाठी त्या महिन्याचं धान्य गावात उचलायचं नाही, असं ठरलं. नागुबाईचा तोल सुटला. "घरात तांदूळ न्हाई आन ही लातूरला चालली धान्य आनाया! दुकान हितं पन्नास पावलांवर हाय!"

"आत्याबाई, आनते ना."

"तवाच म्हनलं होतं नाव बदल म्हनून. तनुजा असती तर आज घरात बसून जेवली असती."

खरं तर त्या दिवशी तिलाही क्षणभर ताटातले तांदूळ आठवले होते.

गुरुवारी पहाटेच निघून ती नांदेडला आली आणि लातूरच्या बसमध्ये बसली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. बाहेर तुरी सोनेरी झाल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर डोळे भरून बघत राहिलं असतं. केवळा मात्र मनात सारखी घोकत होती: एक वेशीतली, एक हौदावरची, दोन. एक वेशीतली, एक हौदावरची, दोन. लहान पोराला शिकवतात तसं. आणि या वयात आपण दोनपर्यंत मोजून दाखवायला लातूरला चाललोय, याचा तिला संताप येत होता.

वेशीतली स्टँडवर उभी होती. केसात डाळीची पिवळी भुकटी, अंगात पुरुषी शर्ट, साडीवर बांधलेला. तिनं हौदावरचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वेशीतली म्हणाली, "म्हातारी झालीस."

"तू बी. आपन एकाच दिशी जल्मलोय ना."

दुकानात गर्दी होती. वेशीतलीचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. पावती निघाली, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. हौदावरचीचा लागेना. सुंभानं अंगठ्याच्या रेषाच पुसल्या होत्या. तर्जनी लावली, मधलं बोट लावलं. दुकानदार म्हणाला, "ओल्या फडक्यानं पुसा." वेशीतलीनं आपल्या पदराला थुंकी लावून तिचं बोट खसाखसा पुसलं. उजव्या हाताची करंगळी शेवटी लागली. अकरा वाजून एकोणपन्नास. केवळानं दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या. केवळाबाई टेकाळे. केवळाबाई टेकाळे. नंबर वेगळे. तिला वाटलं, आता यंत्रानंच यंत्राला सांगितलं.

मग वीस किलो धान्य डोक्यावर. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "मावशी, लातूरचा तांदूळ लई चांगला असतो का हो?"

"न्हाई. भोकरचाच हाय. फिराया गेला होता."

शुक्रवारी सकाळी आदिनाथनं पावत्या बघितल्या आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. "हे भारी केलं, मावशी." त्यानं पावत्यांचे फोटो चढवले, दोघींचे पत्ते लिहिले, वेशीतलीचा लातूरचा, हिचा गावाचा. वरती फोनही केला. "दोघी वेगळ्या करतो म्हणालेत. शनिवारपर्यंत."

आणि शनिवारी खरंच दोघी वेगळ्या झाल्या.

दुपारी फोन वाजला. वेशीतली होती, आणि हसत होती. पण ते हसू पहिल्यासारखं नव्हतं. "हौदावरचे, बसली हायस का उभी? बस. मला निरोप आलाय. केवळाबाई टेकाळे, आपली मोटार वाइंडिंगसाठी निवड झाली आहे. सोमवारी मुदखेडला हजर राहा."

केवळानं आपला मोबाइल बघितला. निरोप तिलाही आला होता. आपले शिवणकाम प्रशिक्षण प्रमाणित करण्यात आले आहे. अभिनंदन. प्रमाणपत्र टपालाने पाठवण्यात येईल.

यंत्रानं दोघींना फोडलं होतं, पण उलटं. शिकलेली न शिकलेली केली आणि न शिकलेली शिकलेली.

आदिनाथला फोन केला तर त्यानं दोन्ही निरोप तिच्याकडून पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाला, "परत तक्रार टाकतो. पंधरा दिवस लागतील."

"वर्ग परवा हाय."

"माहीत हाय, मावशी."

त्याच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता. तिनं फोन ठेवला आणि पडवीत जाऊन बसली. तिथंच दुकान टाकायचं ठरलं होतं. रामलिंग दुखरा खांदा सांभाळत तिच्यासमोर उकिडवा बसला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. "जाऊन तर ये सोमवारी," तो म्हणाला. "मास्तराला सांगून तरी ये, का न्हाई आले ते."

सोमवारी ती मुदखेडला गेली ती एवढं सांगायलाच. महेबूब मास्तर शेडच्या दारात यादी घेऊन उभे होते. तिनं तोंड उघडायच्या आतच त्यांनी वाचलं, "केवळाबाई टेकाळे. गाव तुमचंच. तारीख एक जून. तुमचीच ना?"

"तारीख माझी हाय, मास्तर. पर ही ती न्हाई. ती..." तिनं लातूर, अंगठे, पावत्या, उलटी फोड, सगळं एका दमात सांगितलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. चष्म्यावरून पुन्हा यादी बघितली. "बाई, इथं नवऱ्याचं नाव नाही. फोटो नाही. तीन रकाने हायेत, तिन्ही तुमचे. मी खोटं कुठं वाचतोय?"

"आन अंगठा?"

"अंगठ्याची मशीन कपाटात हाय. वार्निश आणि तार, दोन बॅचमध्येच सगळ्यांचे अंगठे गायब. आता वहीत सही करतात." त्यांनी वही पुढं केली. "पर तिला विचारा. तिला यायचं असलं, तर जागा तिची."

केवळानं तिथूनच फोन लावला. पलीकडे मिलची घरघर होती. वेशीतली ओरडून म्हणाली, "मला मोटारीत काय कळतं गं? बस तू गुमान! आन नीट शीक, न्हाईतर नाव माझं खराब हुईल!"

केवळानं वही उघडली आणि सही केली. केवळाबाई टेकाळे. तांदळावर काढलं होतं तेच नाव. महिनाभर ती जिथं तिथं खरं बोलत फिरली आणि कुणी तिला दारात उभं केलं नाही. आणि आज एकही शब्द खोटा न लिहिता ती आत बसली होती. आनंद व्हायला हवा होता. झाला, पण आधी राग आला. तो तारेच्या पहिल्या चार वेढ्यांत गेला, ते मास्तरांनी उसवायला लावले.

तीन महिने ती भोकरहून गाडीनं मुदखेडला गेली. आदिनाथची दुसरी तक्रार पंधरा दिवसांत निकाली निघाली. दोघी वेगळ्या असल्याचं यापूर्वीच सिद्ध झालं आहे, असं उत्तर आलं.

प्रमाणपत्रं निघाली ती टपालानं, आणि पत्त्यावर. मोटार वाइंडिंगचं लातूरला गेलं. शिवणकामाचं, तीन वर्षं उशिरा, हौदाशेजारी आलं. मग दोघींनी मधलं ठिकाण ठरवलं. अहमदपूरच्या स्टँडवर, सिमेंटच्या बाकड्यावर, दोघी भेटल्या. पाकिटं अदलाबदल केली. नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. वेशीतलीनं शिवणकामाचं प्रमाणपत्र उलटंसुलटं करून बघितलं आणि पदराखाली ठेवलं.

"मिलमध्ये मुकादमाला दावते," ती म्हणाली. "फाटकी पोती शिवायचं काम तरी दील. बसून असतंय."

मग दोघींनी एका पुडीतले शेंगदाणे खाल्ले. बस लागल्यावर वेशीतलीनं विचारलं, "घर कसं हाय माझं?"

"दिरानं गोठा केलाय त्याचा," केवळा म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "मी ह्या बारीला बोलनार हाय. ग्रामसभेत."

वेशीतली गाडीत चढली आणि खिडकीतून तिनं हात हलवला.

घरी पोचली तर पडवीत एक जळकी मोटार येऊन पडली होती. शेजारी नागुबाई बाजेवर बसून राखण करत होती. तिनं प्रमाणपत्र हातात घेतलं, वाचता येत नसूनही डोळ्यांजवळ नेलं.

"हे कुनाच्या नावाचं?"

"केवळाच्या."

"कोन्त्या?"

"तुमच्या ताटातल्या," केवळा म्हणाली. तिनं पदर खोचला, मोटार मांडीशी ओढली आणि जळकी तार कापायला सुरुवात केली.